एसचा रिकामा खण

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नाही आणि भजनातलीही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पेटी म्हटलं की लोकांच्या भलत्याच अपेक्षा असतात. माझ्या पोटात इंग्रजीची लाकडी अक्षरं असतात. प्रत्येक अक्षराला वेगळा खण आणि वर सरकवायचं झाकण. झाकण सरकवलं की कुर्रर्र असा आवाज होतो. लाकूड जुनं झालंय, असं म्हणून लोक तो सोडून देतात. खरं सांगायचं तर माझा स्वभावच कुरकुरा आहे.

हल्ली माझा मुक्काम मीरा रोडला, पूनम सागरमधल्या एका फ्लॅटमध्ये असतो. पण माझा जन्म भाईंदरच्या खाडीकाठचा. तिथे धर्माजी नावाचे एक कोळी होड्या दुरुस्त करायचे. पावसाळ्यात होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असल्या की त्यांचा हात मोकळा असायचा. होडीच्या फळ्यांतून उरलेल्या सागाच्या तुकड्यांपासून त्यांनी मला बनवलं. त्यामुळे माझ्या अंगाला कितीतरी वर्षं होडीला लावायच्या तेलाचा वास येत असे. मला त्याची लाज वाटायची. आता तो वास गेला आहे आणि मला त्याची आठवण येते.

धर्माजींनी मला कोणासाठी बनवलं, तेही सांगते. भाईंदरजवळच्याच गोडदेव गावात दोन खोल्यांत मनोरमाबाई राहायच्या. त्या मूळच्या गिरगावच्या. त्यांचे यजमान दशरथराव फोर्टात एका कचेरीत होते. लग्नानंतर गिरगावातली जागा पुरेना म्हणून ही मंडळी इकडे आली. बाईंना इंग्रजी शिकवायची फार हौस. बाहेरच्या खोलीत चटई टाकून त्यांनी शिकवणी सुरू केली. गोडदेवची आणि शेजारच्या खारी गावची मुलं यायची. कोणाचा बाप मासेमारीला जाणारा, कोणाचा मिठागरात राबणारा, कोणाचं नाक्यावर किराण्याचं दुकान. सगळी मराठी शाळेतली आणि सगळ्यांना इंग्रजीची सारखीच धास्ती.

बाई पुठ्ठ्याची अक्षरं कापून मुलांना खेळायला द्यायच्या. मुलं ती चावायची, दुमडायची आणि कधी कधी खिशातून धुवायला टाकायची. धर्माजींची मुलगी सुलू त्याच शिकवणीला होती. एकदा ती घरी जाताना फ्रॉकच्या खिशात भिजून लगदा झालेलं एक अक्षर घेऊन गेली, ते धर्माजींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, कागदावर मोठी मोठी काढून द्या, मी लाकडात कोरतो. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण फळीवर काढलेली रेघ हातानं कशी धरायची, ते त्यांना चांगलं येत होतं.

त्यांनी दोन गोष्टी स्वतःच्या मनानं केल्या. एक म्हणजे प्रत्येक अक्षराचे कोपरे घासून गोल केले. होडीत धारदार कोपरा राहिला की जाळं अडकून फाटतं, तेव्हा कोपरा ठेवायचाच नाही ही त्यांची सवय. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक अक्षराला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडलं. बाईंनी विचारलं, हे कशाला?

"पान्यावरची वस्तू बांदून ठेवायची, बाई," धर्माजी म्हणाले. "सुटली का गेली."

चटईवर पाणी कुठलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण बाईंनी ते भोक राहू दिलं.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मित्रांनो, तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात होते म्हणून सांगू. संध्याकाळी बाई मला चटईच्या मधोमध ठेवायच्या. मूठभर अक्षरं काढायच्या, उलटसुलट करून पसरायच्या आणि गप्प बसायच्या. मुलं वाकून बघायची. कोणीतरी अक्षरं सरकवून शब्द लावायचं. मग बाई विचारायच्या, "शब्द कोणाचा?" लावणारं पोर म्हणायचं, "माझा." बाई म्हणायच्या, "मग अर्थ सांग."

खरी गंमत इथेच होती. अर्थ पुस्तकातला चालत नसे. बाईंचा नियम असा की अर्थ आपल्या घरातला हवा. जे आपण पाहिलं आहे, खाल्लं आहे, ज्याला हात लावला आहे, त्यातून सांगायचा. नुसतं पाठ केलेलं सांगितलं तर अक्षरं परत माझ्या खणात.

टी, ई, ए ही तीन अक्षरं आली की परेशचा दिवस असायचा. परेश किराणावाल्याचा मुलगा, जाडजूड आणि हजरजबाबी. तो भराभर शब्द फिरवायचा. ईट म्हणजे खा, एट म्हणजे खाल्लं, आणि टी म्हणजे बाई, आता काहीतरी प्यायला द्या. बाई हसून आत जायच्या आणि खरंच चहा टाकायच्या. खारीचा ईश्वर मात्र कमी बोलायचा. त्याचा बाप मिठागरात कामाला. एकदा त्याने एस, ए, एल, टी अशी अक्षरं लावली आणि अर्थ सांगितला, "सॉल्ट म्हणजे बापाच्या पायाच्या भेगा." त्या दिवशी कोणी हसलं नाही. मग त्यानेच तीच अक्षरं हलवून लास्ट केलं आणि म्हणाला, "शेवटची गोणी. ती उचलली की बाप घरी येतो." बाईंनी दोन्ही शब्द त्याला दिले.

सुलू तर बोलायचीच नाही. शब्द लावायची पटकन, पण अर्थ सांगायची वेळ आली की मान खाली. घरी ती तिच्या आईसारखं बोलायची. तिची आई गोदूबाई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची आणि तिचा आवाज बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. शिकवणीतली मुलं त्या बोलीची नक्कल करायची. तेव्हा सुलूनं तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. शब्द लावायचा आणि अर्थाअभावी हरायचं, असं तिचं चाललं होतं. मला तिचा राग यायचा. इतकी हुशार मुलगी आणि घुमी.

एका संध्याकाळी एन, ई, एस, टी अशी अक्षरं पडली. परेशनं नेट्स लावलं आणि जाळी म्हणाला. कोणीतरी टेन्स केलं. सुलूनं हळूच हात घातला आणि नेस्ट लावलं. बाईंनी विचारलं, शब्द कोणाचा? सुलू म्हणाली, माझा. बाई म्हणाल्या, मग अर्थ सांग. मुलं घरटं, घरटं म्हणून कुजबुजायला लागली. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि वाट पाहिली. त्या वाट बघू शकायच्या. शिकवणाऱ्या माणसांत हा गुण फार थोड्यांना असतो.

शेवटी सुलू म्हणाली, "आय येल तवर वाट बगतो, ती जागा हाय."

परेशला हसू आवरलं नाही. पण बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी चारही अक्षरं उचलून सुलूच्या ओंजळीत ठेवली. म्हणाल्या, "शब्द तुझा. इतका चांगला अर्थ मलाही माहीत नव्हता." त्या दिवसापासून सुलू बोलायला लागली. नंतर नंतर तर तिला गप्प करावं लागायचं.

आता ज्या पद्धतीवरून माझं आणि बाईंचं कधीच जमलं नाही, ती सांगते. दहावी पास झालेलं मूल बाईंना पेढे द्यायला यायचं. बाई मला उघडायच्या आणि म्हणायच्या, आपल्या नावाचं अक्षर घेऊन जा. खण तुझाच राहील. पोरं आनंदानं अक्षर उचलायची. त्या भोकातून दोरा ओवून कोणी ते गळ्यात घालायचं, कोणी किल्लीला लावायचं. मला मात्र ही उधळपट्टी वाटायची. अहो, अक्षरं ही माझी. एकेक गेलं की मी उणी होते. पण धर्माजी होते तोवर फारसं बिघडत नसे. गेलेल्या अक्षराच्या जागी ते नवं कोरून आणायचे. म्हणून माझ्या पोटात कोणी जुनं काळपट अक्षर, तर कोणी नवं पिवळट, अशी सगळी एकत्र नांदायची.

सुलू दहावी झाली त्या वर्षी एसवर धाडच पडली. समिधा नावाच्या मुलीनं एक नेला, आणखी दोघांनी नेले, आणि शेवटचा सुलूनं नेला. धर्माजी म्हणाले, यंदा चार एस कोरून देतो. आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. काठावर ओढलेली होडी तशीच अर्धवट राहिली आणि माझा एसचा खण रिकामा राहिला.

बाईंनी पद्धत तरी थांबवावी की नाही? नाही थांबवली. भाविका आली, तिनं बी नेला. ईश्वरनं आय नेला. परेश दोन वर्षं उशिरा पास झाला, पण पी घ्यायला मात्र धावत आला. माझे खण एकामागून एक ओस पडत गेले. मी झाकणातून कितीही कुरकुरले तरी ऐकतंय कोण.

पुढे मुलंच येईनाशी झाली. जो तो इंग्रजी शाळेत जाऊ लागला. दशरथराव वारले. बाईंचा मुलगा स्वप्नील नोकरीला लागला, त्याचं रुचिताशी लग्न झालं आणि पूनम सागरमध्ये घर झालं. बाई तिकडे गेल्या, त्यांच्याबरोबर मीही गेले. पण माझी जागा चटईवर नव्हती. मला माळ्यावर टाकलं गेलं, गणपतीच्या मखराच्या आणि बंद पडलेल्या टेबल फॅनच्या शेजारी. मधे एकदा बाईंची नात सान्वी हिनं मला खाली काढलं, तेव्हा मी किती हरखले होते. तिनं माझ्या खणांत नेलपॉलिशच्या बाटल्या आणि केसांच्या पिना ठेवल्या. काही दिवसांनी तिला कंटाळा आला आणि मी पुन्हा वर गेले. एका पिनेचा गंज अजून माझ्या अंगाला आहे.

आणि मग गेल्या वर्षी बाईंना पक्षाघात झाला.

हात थोडा सुधारला, पाय थोडा सुधारला, पण वाचा गेली. जन्मभर मुलांना अर्थ सांग, अर्थ सांग म्हणणाऱ्या बाई पाणी हवं एवढंही सांगू शकेनात. बोलायला जायच्या आणि भलताच आवाज निघायचा. मग डोळ्यांत पाणी यायचं. घरातल्यांनी काही कमी केलं नाही. स्वप्नीलनं टॅब आणला, त्यात चित्रं आणि नावं होती. सफरचंद दाखवायचं, सफरचंद म्हणायचं. बाईंनी दोनतीनदा पाहिलं आणि टॅब पालथा घातला. मग त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. कोणी बोललं तरी वळेनात.

घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी स्वप्नील आणि रुचिताला बाहेरच्या खोलीत बसवून समजावलं. मी माळ्यावरून सगळं ऐकत होते. शब्द पुसले गेलेले नाहीत, त्या म्हणाल्या, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट बुजली आहे. आत्ताच वाट पाडायला हवी, आणि त्या स्वतःच प्रयत्न सोडून बसल्या तर मग आपण काही करू शकणार नाही. त्यांच्या हाताला आणि जिभेला जे वर्षानुवर्षं सवयीचं होतं, असं काही घरात आहे का बघा.

रुचिता उठली आणि तिनं शिडी लावली. धूळ झटकून तिनं मला खाली घेतलं तेव्हा मला रडू येतंय की काय असं झालं. तिनं मला बाईंच्या पलंगावर ठेवलं आणि झाकण सरकवलं. कुर्रर्र. मित्रांनो, तो आवाज ऐकून बाई भिंतीकडून वळल्या.

पण पोटात काय होतं माझ्या? पिना, एक बाटली आणि उरलीसुरली अक्षरं. ज्यांच्या नावाची मुलंच नव्हती ती ई, क्यू, एक्स अशी. एन आणि टी कशीबशी टिकली होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आयुष्यभर ज्या दिवसासाठी जगावं, तो दिवस आला आणि आपण रिकाम्या. आणि सगळा दोष बाईंच्या त्या वेड्या पद्धतीचा, असं मी मनात म्हणतही होते.

रुचितानं जमलं ते केलं. एन, ई, टी लावून तिनं नेट बनवलं. बाई त्या तीन अक्षरांकडे बघत राहिल्या. मग त्यांचा डावा हात उठला आणि माझ्या खणांवरून फिरू लागला. फिरत फिरत एका खणावर थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच थांबला. बोटानं त्या खणाचा तळ खरवडू लागल्या.

"आई, दमलीस का?" स्वप्नीलनं विचारलं.

रुचिता म्हणाली, "थांब रे. ती काहीतरी शोधतेय. हा खण कशाचा होता?"

स्वप्नीलनं मोजलं आणि सांगितलं, एसचा. मग त्याला शेवटचा एस नेणाऱ्या सुलूची आठवण झाली. सुलू त्याच्याहून मोठी, त्याच चटईवर बसणारी. ती हल्ली एका बँकेत असते एवढंच त्याला ठाऊक होतं. तो भाईंदरच्या मासळी बाजारात गेला. गोदूबाई अजूनही आपल्या जागेवर बसतात. तिथे काय झालं ते त्यानं घरी येऊन रुचिताला सांगितलं. त्यानं बाईंचं नाव काढलं, तशी गोदूबाईंनी कोयता बाजूला ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू जा, बाईंजवल बस. मी सुलूला धाडते."

संध्याकाळी सुलू आली. बँकेतून थेट, खांद्याला पर्स, कपाळावर घाम. बाईंना पाहून ती दारातच थबकली. इतकी वर्षं जवळच राहून आपण आलो नाही, असं काहीतरी ती रुचिताला म्हणाली. मग तिनं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात माझा एस होता. गोल कोपऱ्यांचा, वर बारीक भोक असलेला, हाताळून काळा झालेला. धर्माजींचा हात मी कुठेही ओळखेन. आणि तेव्हा मला त्या भोकाचा उपयोग कळला. बांधून ठेवला होता, म्हणून गेला नव्हता.

सुलूनं एस किल्ल्यांतून सोडवला. पलंगावर मांडी घालून बसली, अगदी चटईवर बसायची तशी. एन, ई आणि टी यांच्यात तिनं एस सरकवला. नेस्ट. मग बाईंच्याच आवाजात विचारलं, "शब्द कोणाचा?"

बाईंनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मग अर्थ सांगा."

स्वप्नील पुढे होऊन घरटं असं सुचवणार होता, सुलूनं हातानं त्याला थांबवलं. ती वाट बघत बसली. ते ती कोणाकडून शिकली, हे मी सांगायला नको. बाईंचे ओठ हलले, आवाज आला, तुटला, पुन्हा आला.

"आय," बाई म्हणाल्या. "आय येल... तवर."

स्वप्नीलला काही उमगेना. त्याची आई गिरगावची, असं बोलताना त्यानं तिला कधी ऐकलं नव्हतं. सुलू मात्र बाईंच्या पायांवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांत बाईंनी पुस्तकातले किती शब्द वाचले, शिकवले असतील. ते सगळे वाटेत अडकले होते. आणि पहिला बाहेर आला तो एका घुम्या मुलीनं दिलेला अर्थ, तिच्याच बोलीत, जसाच्या तसा. मुलांना एकेक अक्षर देऊन बाईंनी त्यांचे अर्थ मात्र स्वतःजवळ ठेवून घेतले होते. मी एवढी त्यांच्या जवळची, पण हे मलाही कळलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. सुलूनं जुन्या मुलांना फोन केले. परेश दुकानाच्या किल्लीला लावलेला पी घेऊन आला, त्याला हिंगाचा वास होता. भाविकाचा बी पोस्टानं आला. ईश्वर आपल्या आय या अक्षराबरोबर मिठाची पिशवीही घेऊन आला आणि पलंगाशी बसून बापाच्या गोष्टी सांगत राहिला. बाईंचं बोलणं पूर्वीसारखं झालेलं नाही. होईलच असंही नाही, हे थेरपिस्ट ताईंनी स्पष्ट सांगितलं आहे. पण संध्याकाळी त्या पलंगाला टेकून बसतात, सान्वी अक्षरं पसरते, आणि रोज एखादा अर्थ वाट काढत बाहेर येतो. सान्वीला इंग्रजी शब्द पटापट जमतात. अर्थ मात्र आजीकडून शिकावे लागतात. त्यातला अर्धा माल कोळीवाड्यातला निघतो, आणि मग ती शाळेत जाऊन तसंच बोलते.

परवा सान्वी सुलूला म्हणाली, आत्या, मला एस हवा. सुलूनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. सान्वीनं एस उचलला आणि दोरा ओवून दप्तराला बांधला. माझा खण पुन्हा रिकामा झाला, आणि झाकण लावताना मी मुळीच कुरकुरले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर माझ्यासारखं काहीतरी असेल आणि ज्यांनी तुम्हाला पहिले शब्द दिले ते कोणी आसपास राहतही असेल. वस्तूवरची धूळ पुसा, बरं वाटतं आम्हाला. पण त्याआधी त्या माणसाला भेटून या. त्यांच्याकडे तुमचं काहीतरी ठेवलेलं असतं, आणि ते तुम्हालाच पाहून बाहेर येतं.

आता कोणी मला नेस्टचा अर्थ विचारला तर मीही घरातलाच सांगेन. माझ्या पोटात एसचा एक खण आहे. तो रिकामा आहे. सान्वी येल तवर वाट बगतो, ती जागा हाय.